कपाटमोक्ष

कपाट ह्या वस्तूशी माझा संबंध पोटापाण्याचा आहे. गेली बावीस वर्षं मी बँकेत कारकून आहे, आणि बँक म्हणजे शेवटी काय, तर कपाटांचा समुच्चय. जुन्या लेजरांची कपाटं. लेजरं जाऊन संगणक आले तरी रिकामी न झालेली कपाटं. ज्यांच्या किल्ल्या बदली झालेल्या साहेबांच्या खिशातून नागपूरला गेल्या ती कपाटं. आणि डेडस्टॉक रजिस्टरात आहेत पण शाखेत कुणी पाहिलेली नाहीत ती कपाटं. ह्या सगळ्यांशी माझं नातं उघडण्यामिटण्याचं. कपाट उपटून काढणं हा प्रकार बी.कॉम.ला नव्हता आणि सर्व्हिसमध्येही आला नाही. तो योग इंग्लंडात आला, आणि तोही एका मोटारीत.

त्याचं असं झालं. आमचा दादा, म्हणजे थोरल्या काकांचा थोरला, १९८५ साली इंग्लंडात गेला आणि लेस्टर नावाच्या गावी दातांचा डॉक्टर झाला. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. जाण्याआधी त्याने माझा एक हलणारा दुधाचा दात दोरा बांधून काढला होता. दोऱ्याचं दुसरं टोक वाड्याच्या दाराला होतं. दार त्याने लावलं, दात कौलांवर मी फेकला, आणि 'दादाचा हात हलका आहे' असा निर्वाळा आजीने दिला. त्या हलक्या हातावर पुढे त्याने लेस्टरमध्ये घर घेतलं, मुलगी शिकवली आणि १९९६ साली एक जुनी मोटार विकत घेतली.

मोटार म्हणजे साधी नव्हे. फोक्सवॅगनची १९८७ची व्हॅन; आणि व्हॅनच्या आत संसार. एका भिंतीला लांबलचक ओटा, त्यात दोन शेगड्यांचा स्टोव्ह, बशीएवढं सिंक, खाली फ्रिज, फ्रिजशेजारी मसाल्याचं कपाट, मागच्या कोपऱ्यात कपड्यांचं उभं कपाट, आणि पाठ खाली ओढली की पलंग होणारं बाक. ह्या बाकाला तिकडे 'रॉक अँड रोल बेड' म्हणतात. त्यावर मी एक रात्र झोपलो आहे, तेव्हा नाव सार्थ आहे असं सांगतो. एकूण लांबी पंधरा फूट. आमच्या डोंबिवलीच्या पहिल्या जागेत ओट्यासमोर एका वेळी एकच माणूस उभा राहू शकत असे, त्यामुळे मला गाडी ऐसपैस वाटली.

दादा आणि वहिनी ह्या गाडीतून पंचवीस वर्षं हिंडले. मग २०२२च्या नोव्हेंबरात वहिनींना अर्धांगाचा झटका आला. बोलणं शाबूत राहिलं (दादाच्या मते थोडं वाढलं), पण उजवा हात आणि उजवा पाय गेला. वहिनी चाकांच्या खुर्चीत आल्या आणि गाडी दारापुढच्या जागेत उभी राहिली ती राहिलीच.

दादा म्हणाला, विकून टाकू. वहिनी म्हणाल्या, "विकायची नाही. टेप लावून पाहिलंय मी. दारातून खुर्ची जाते, मान थोडी वाकवावी लागेल एवढंच. पण आत वळायला जागा नाही. ओटा काढा, कपाटं काढा, मी खुर्चीसकट बसते."

वहिनींची उंची चार फूट अकरा इंच. आयुष्यात प्रथमच तिचा उपयोग होत होता.

दादा हो म्हणाला. दर शनिवारी हत्यारांची पेटी घेऊन तो गाडीत जायचा आणि दोन तासांनी बाहेर यायचा. चार महिन्यांत त्याने काय केलं, तर सगळ्या बिजागऱ्यांना तेल दिलं, एक सैल मूठ घट्ट केली, आणि सिंक घासून लख्ख केलं. दोन सुतार बोलावले आणि दोन्ही परत पाठवले. 'हात जड आहेत त्यांचे' म्हणून. शेवटी वहिनींचा मला फोन आला.

"भाऊजी, तुम्ही या. ह्यांच्या हातून ते व्हायचं नाही."

"अहो वहिनी, पण मला सुतारकामातलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणूनच तुम्हाला बोलावते. ज्याला कळतं तो आधी कपाटावरून हात फिरवतो, 'वा, काय काम आहे' म्हणतो, आणि चहा पिऊन जातो. तुम्ही नुसतं काढाल."

एवढा विश्वास माझ्यावर आमच्या विभागीय कचेरीनेही कधी दाखवलेला नाही. तिकीट त्यांनी पाठवलं. रजेच्या अर्जावर मी 'कौटुंबिक कारण' असं लिहिलं. 'कपाट काढणे, इंग्लंड' असं लिहिलं असतं, तर साहेबांनी आधी शाखेतली काढायला लावली असती.

२०२४च्या जूनमध्ये मी लेस्टरला पोचलो. लेस्टरला जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. ब्रिटिश साम्राज्यावर सूर्य मावळत नसे असं आपण शाळेत शिकलो. साम्राज्य गेलं, पण ही सवय काही प्रमाणात राहिली आहे. ह्याचा तोटा असा, की 'आता काळोख पडला, उरलेलं उद्या' हे वाक्य तिथे संध्याकाळी उपयोगी पडत नाही.

पहिल्या दिवशी मी कामाला हात लावला नाही. आधी कागद पाहिले. ही सवय लागलेली आहे, जात नाही. दादाने गाडीचं नोंदणीपुस्तक काढलं, त्यात गाडीचा प्रकार 'मोटर कॅरॅव्हन' असा होता. आता गंमत पाहा. तिथलं वाहन-नोंदणी खातं कॅरॅव्हन म्हणायला काही अटी घालतं: निजायला किमान १८०० मिलिमीटर लांबीची जागा हवी, म्हणजे जवळजवळ सहा फूट, बसायला जागा आणि जेवायला टेबल हवं, पक्कं बसवलेलं कपाट हवं, आणि स्वयंपाकाची सोय हवी. म्हणजे आपण जो ओटा उपटणार, तो नुसता ओटा नव्हता. गाडीची जात त्याच्यावर होती.

"दादा, हे खात्याला कळवायला हवं," मी म्हटलं. "आणि विमावाल्यांनाही. नाहीतर उद्या काही झालं तर कॅरॅव्हनचा विमा आणि आत ओटाच नाही. क्लेम परत."

"काय लिहू? कॅरॅव्हन वारली म्हणून?"

"खिडक्यांची व्हॅन असं लिही."

दादाने लिहिलं, पण असं, की जणू एखाद्या बी.ए.ला मी मॅट्रिक लिहायला लावत होतो.

ह्या गाड्यांचा इतिहासही थोडा करामतीचाच आहे. १९४७ साली बेन पॉन नावाच्या डच मोटार-व्यापाऱ्याने आपल्या वहीत डब्यासारख्या एका गाडीचं चित्र काढलं, आणि १९५० साली त्या चित्राची व्हॅन होऊन कारखान्यातून बाहेर पडू लागली. माल वाहायला केलेल्या ह्या डब्यात लोकांनी पुढच्या एकदोन वर्षांतच पलंग आणि शेगडी घातली. आणि इंग्लंडात एके काळी असा कायदा होता, की आत पक्का बसवलेला संसार असला की गाडीवरचा खरेदी-कर माफ! १९७३ साली तो कर गेला आणि व्हॅट आला, पण तोवर तिथल्या गावोगावच्या सुतारांना मोटारीत कपाटं ठोकायची चटक लागून गेलेली होती. म्हणजे ज्या कपाटांपुढे दादा हळवा होत होता, त्या परंपरेच्या मुळाशी चक्क करबचत होती. मी त्याला हे सांगून पाहिलं. त्याला दिलासा मिळाला नाही. कॉमर्सवाल्यांच्या सांत्वनाला मर्यादा असतात.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. वहिनींची खुर्ची पोर्चमध्ये, तोंड गाडीकडे. मांडीवर मी आखून दिलेलं रजिस्टर. डाव्या हाताने त्या नुसत्या रेघा ओढणार: एक स्क्रू बाहेर आला की एक रेघ. शेजारचे आजोबा, निवृत्त रेल्वे-ड्रायव्हर, कुंपणावर कोपरं टेकून उभे. ते तीन दिवस तसेच उभे होते. जगात कुठेही खड्डा खणा, कपाट काढा, मोटार उघडा. कुंपणावर एक निवृत्त माणूस उगवतोच.

आधी गॅस. सिलिंडर बंद करून बाहेर काढला, आणि नळी कापून तिचं तोंड बंद करायला नोंदणी असलेला गॅसवाला बोलावला. गॅसच्या नळीवर आपले प्रयोग करू नयेत, एवढं मलाही कळतं. सिलिंडरच्या कप्प्याला तळात एक भोक होतं. मी म्हटलं, हे बुजवू का? गॅसवाल्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी तिजोरीचं दार रात्री उघडं ठेवू का विचारलं असावं. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली साचतो, म्हणून त्याला बाहेर जायला ते भोक. मग बॅटऱ्या सोडवल्या. दोन होत्या: एक इंजिनाची, एक संसाराची. मग टाकीतलं पाणी काढलं. मग फ्रिज. हा फ्रिज तीन गोष्टींवर चालतो: घरच्या विजेवर, बॅटरीवर आणि गॅसवर. गॅसवर म्हणजे मागे ज्योत पेटते आणि पुढे दूध थंड होतं. हे मला दादाने दोनदा समजावून सांगितलं. ज्योतीने अमोनियाची वाफ होते, ती वाफ फिरून पुन्हा पाण्यात विरघळते वगैरे. मला ते पटलं, कळलं नाही. आमच्या बँकेच्या ताळेबंदासारखं.

फ्रिज बाहेर यायला दुपार झाली, कारण त्याचे चार स्क्रू आतल्या बाजूला पांढऱ्या टोप्या घालून लपून बसले होते. शिवाय माझ्या हातातलं स्क्रू-ड्रायव्हर सारखं घसरत होतं. तेव्हा कुंपणावरून आजोबांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाले, फुली नीट बघ. चष्मा लावून पाहिलं, तर स्क्रूच्या डोक्यावर मोठ्या फुलीच्या मधोमध आणखी एक बारीक फुली ओरखडलेली! ही जात वेगळी. हिचं नाव पोझिड्राइव्ह. आपल्याकडचं साधं स्टारचं स्क्रू-ड्रायव्हर तिच्यात जातं, फिरल्यासारखं करतं, आणि स्क्रूचं डोकं खाऊन टाकतं. मग तो स्क्रू देवसुद्धा काढू शकत नाही. मी ह्या पद्धतीने सात डोकी खाल्ली होती. आजोबांनी घरातून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणला, त्यात योग्य हत्यार होतं, आणि मग स्क्रू लोण्यातून यावेत तसे यायला लागले.

आणि तिथेच घोडं अडलं.

कपाट हलकं करायचं तर आधी दारं आणि खण काढायचे. तीन दारं निघाली. चौथं मसाल्याच्या कपाटाचं. मी ते उघडलं, बिजागरीला हत्यार लावलं, आणि दादा म्हणाला, "थांब."

दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं होतं. वरपासून खालपर्यंत. वहिनींचं अक्षर, वाणसामानाच्या यादीत असतं तसं, ठसठशीत, तिरकं, शिरोरेघेची काटकसर केलेलं.

१४-७-१९९६. वेल्स. पिठलं. मीठ विसरले.

११-८-१९९९. कॉर्नवॉल. खग्रास सूर्यग्रहण. ढग. काही दिसलं नाही. बटाटेवडे.

मे २००१. लेक डिस्ट्रिक्ट. गुरांना रोग. पायवाटा बंद. गाडीत बसून पत्ते. मी जिंकले.

असं दोन फूट. प्रत्येक सहलीची एक ओळ. तारीख, गाव, काय शिजवलं, आणि शेरा. सूर्यग्रहणासाठी माणसं जगभरातून कॉर्नवॉलला गेली होती आणि तिथे नेमकं आभाळ भरून आलं होतं, हे मला ठाऊक होतं. पण एका मराठी जोडप्याने तो अंधार बटाटेवडे खात घालवला, ह्याची नोंद इतिहासात दुसरीकडे कुठे असणार? मी आयुष्यभर लेजरं लिहिली. इतकं स्वच्छ लेजर पाहिलं नाही. एक खाडाखोड नाही. २०२० साली सुद्धा ओळ होती: 'दारातच. बाहेर जायला बंदी. गाडीत बसून शिकरण-पोळी.' शेवटची ओळ सप्टेंबर २०२२ची. 'यॉर्कशर. मुगाची खिचडी. ह्यांचं पोट बिघडलं.' त्याखाली चार बोटं लाकूड कोरं.

मला मग कळलं, की दादाचे चार महिने कशात गेले. दर शनिवारी तो इथवर यायचा.

"काय झालं?" पोर्चमधून वहिनी ओरडल्या.

"काही नाही," दादा म्हणाला. "बिजागरी गंजलीय."

त्याच बिजागरीला त्याने चार महिने तेल दिलं होतं. तिच्यावरून मुंगी घसरली असती.

"खोटं बोलू नका. हिशेब वाचताय ना?" वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, दार काढा आणि इकडे आणून द्या. कपाट मोडायचंय, दार मोडायचं कुणी सांगितलं?"

मी दार काढलं. चार स्क्रू. वहिनींनी चार रेघा ओढल्या आणि दार मांडीवर घेऊन वाचायला लागल्या. त्या दिवशी पुढे काम झालं नाही. संध्याकाळी उशिरापर्यंत दोघांचं वेल्समधल्या मिठावरून भांडण चाललं होतं. मीठ कुणी विसरलं होतं ह्याबद्दल दादाचं मत लेजरातल्या नोंदीपेक्षा वेगळं नव्हतं. पण आठवण केली कुणी नव्हती, हा वहिनींचा मुद्दा होता.

तिसरा दिवस ओट्याचा. ओटा भिंतीला स्क्रूने आणि जमिनीला बोल्टने जखडलेला. बोल्ट वरून फिरवला की खालचा नटही त्याच्याबरोबर आनंदाने फिरतो. म्हणजे एकाने वर पाना धरायचा आणि दुसऱ्याने गाडीखाली झोपून. हा प्रकार मला नवा नव्हता. आमच्या स्ट्राँग रूमला दोन किल्ल्या असतात, एक हेड कॅशियरकडे आणि एक साहेबांकडे, आणि एकट्याला ती कधीच उघडता येत नाही. इथे साहेब वर होते. मी खाली. तोंडावर पडणाऱ्या सदतीस वर्षांच्या मातीवरून इंग्लंडातल्या पावसाबद्दल मी जे बोललो ते मराठीत असल्यामुळे आजोबांनी मान डोलावली.

शेवटी ओटा सुटला. एकदम हलला, एका बाजूने तरंगला, आणि दादा म्हणाला, "निघाला! मूळ सुटलं!" सिंकच्या मागे पत्रा गंजून त्याला रुपयाएवढं भोक पडलेलं होतं. आत पिवळी काचलोकर ओली होऊन बसली होती, तिच्यात मोहरी, एक हेअरपिन, आणि १९९८ सालची एक पार्किंगची पावती. वीस पेन्स. मी पावती रजिस्टरला टाचली.

आता ओटा उचलायचा आणि दारातून बाहेर न्यायचा. इतकं सोपं. आम्ही उचलला. आडवा केला. उभा केला. तिरका केला. मागून बाक अडवतंय, पुढून ड्रायव्हरची खुर्ची. ओटा वळायला जितकी जागा हवी त्यापेक्षा गाडी साधारण चार बोटं लहान. मी त्या ओट्याच्या आणि भिंतीच्या मध्ये अडकलो, ओटा दादाच्या छातीवर, आणि बाहेरून वहिनींच्या सूचना: "डावीकडून घ्या! अहो, तुमच्या नव्हे, माझ्या डावीकडून!" आजोबांनीही सूचना केल्या. दोन भाषांत सूचना ऐकून ओटा अधिकच घट्ट बसला. ज्याने तो केला त्याने तुकडे आत नेऊन आतच जोडला असणार. बाटलीतलं जहाज! आत गेलेलं सगळ्यांनी पाहिलेलं, बाहेर येण्याची तरतूदच नाही. अशी काही कर्जखाती आमच्याकडेही आहेत.

मी दमून बाकावर बसलो. म्हटलं, "दादा, स्क्रू आणखी कुठे नाहीत. कोपरे लाकडी खुंट्यांनी आणि सरसाने जोडलेत. आता हे..."

पुढचं मी बोललो नाही. दादा ओट्याकडे बघत होता. बघता बघता त्याचा चेहरा बदलला. हा चेहरा मी लहानपणी पाहिला होता, दाराला दोरा बांधताना.

"अक्कलदाढ आहे," तो म्हणाला.

"अं?"

"आडवी बसलेली अक्कलदाढ. अखंड निघत नाही. ओढलीस तर जबडा जाईल. तुकडे करायचे आणि एकेक बाहेर घ्यायचा." मग त्याने पोर्चकडे तोंड करून विचारलं, "अगं, करू ना?"

हे त्याने ज्या आवाजात विचारलं, त्या आवाजात बहुधा त्याने छत्तीस वर्षं लेस्टरमधल्या माणसांना विचारलं असेल. 'करू ना?' आणि ती माणसं, तोंडात बोळा असल्यामुळे, मान हलवत असतील.

वहिनी थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "करा. दुखलं तर सांगते."

करवत दादाने स्वतः घेतली. मला हात लावू दिला नाही. आधी पेन्सिलीने खुणा केल्या, पत्र्याला दात लागू नयेत म्हणून खाली घोंगडी सरकवली, आणि मग असं कापलं, की बघत राहावं. सावकाश, एका लयीत. मधेच थांबून तो भुसा फुंकरायचा. तीन तुकडे. तुकडा सुटला की आधी हलवून बघायचा आणि मग माझ्या हातात द्यायचा, आणि मी तो बाहेर नेऊन हिरवळीवर ठेवायचा. नर्सची कामगिरी मी चोख बजावली. वीस मिनिटांत गाडी रिकामी. आजोबांनी कुंपणावर दोनदा टकटक केलं. त्यांच्याकडे ही टाळ्यांची जागा असावी.

रात्री मी हिशेब जुळवायला बसलो. वहिनींच्या रेघा चौसष्ट. डब्यातले स्क्रू त्रेसष्ट.

ज्यांनी बँकेत काम केलेलं नाही त्यांना ह्याचं दुःख कळायचं नाही. एक स्क्रू कमी म्हणजे एक स्क्रू कमी नव्हे. त्याचा अर्थ असा, की आज घरी जाता येणार नाही. दादा म्हणाला, झोप आता, भंगारच आहे ते. मी टॉर्च घेऊन हिरवळ पालथी घातली. गाडीखाली गेलो. चपलांचे तळवे पाहिले. रेघा पुन्हा मोजल्या. शेवटी रजिस्टरात 'सस्पेन्स खाते — १' असं लिहून साडेअकराला झोपलो, आणि पहाटे चारला लख्ख उजाडल्यावर पुन्हा एकदा हिरवळीवर जाऊन आलो.

मग गाडी गॅरेजला गेली. तिथे गंजाचं भोक पत्रा लावून बंद झालं, जमीन सपाट झाली, खुर्चीला चार बाजूंनी जखडायचे पट्टे बसले आणि माणसाचा वेगळा पट्टा बसला. चाकं चढवायला एक घडीची उतरंड आली. ह्यात बारा दिवस गेले. त्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मी लेस्टरमधल्या गुजराती दुकानांतून फाफडा खाल्ला.

माझं परतीचं विमान मंगळवारी होतं. आदल्या रविवारी आम्ही निघालो. कुठे, तर स्केगनेसला. लेस्टरहून दोन तासांवरचा समुद्र. उतरंडीवरून खुर्ची वर ढकलताना वहिनींनी मान वाकवली, आत गेल्या, आणि खुर्ची गर्रकन वळली. पूर्ण वळली. पुन्हा वळली. तिसऱ्यांदा दादाने धरली.

निघण्याआधी एक काम उरलं होतं. ते दार वहिनींना हवं होतं; खुर्चीच्या डाव्या हाताला, भिंतीवर. माझ्याकडे रजिस्टरासोबत स्क्रूंचा डबा होताच. पण शाबूत डोक्याचे आणि त्या लांबीचे मला तीनच सापडले. चौथा कोपरा हलत राहिला.

"थांब," दादा म्हणाला. त्याने पाकीट काढलं. त्यात वहिनींचा फोटो ठेवतो त्या कप्प्यात दोन बोटं घातली आणि एक स्क्रू बाहेर काढला. पोझिड्राइव्ह. डोकं शाबूत.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो खिडकीकडे पाहत होता.

"पडला असेल चुकून," तो म्हणाला.

मी तो लावला. रजिस्टर उघडून सस्पेन्स खातं बंद केलं, चौसष्टला चौसष्ट लिहून खाली दोन रेघा मारल्या, आणि गेल्या दोन आठवड्यांत प्रथमच मला मोकळा श्वास आला.

स्केगनेसला समुद्र होता, ऊन होतं, आणि असा वारा होता, की बोललेला शब्द मागच्या माणसालाच ऐकू यावा. जूनची तीस तारीख आणि मी स्वेटरवर दादाचा कोट घातलेला. खुर्ची समुद्राकाठच्या रस्त्यावरून दूरवर फिरवून आणली. मग गाडीत बसून थर्मासमधला चहा घेतला. परत निघण्याआधी वहिनींनी माझ्या खिशातली पेन्सिल मागितली, आणि डाव्या हाताने दारावर, त्या चार बोटं कोऱ्या लाकडावर, लिहायला लागल्या. फार वेळ लागला. अक्षरं जिन्यावरून घरंगळल्यासारखी खाली खाली आली.

३०-६-२०२४. स्केगनेस. वारा. थर्मासचा चहा. पाणचट.

वरच्या ओळी आणि ही ओळ ह्यांत काहीही साम्य नव्हतं. 'सही जुळत नाही' म्हणून असे चेक मी आजवर किती परत केले असतील, गणती नाही. वहिनी माझ्याकडे बघत होत्या.

"काय हो भाऊजी, चालेल का हे तुमच्या बँकेत?"

"पास," मी म्हटलं, आणि कोपऱ्यात बारीक बरोबरची खूण केली.

त्यांनी पेन्सिल परत दिली. मग चहाचा शेवटचा घोट घेऊन तोंड वाकडं केलं, ओटा होता त्या रिकाम्या भिंतीकडे नीट पाहिलं, डाव्या हाताची वीत टाकून काहीतरी मोजलं, आणि म्हणाल्या,

"अहो, इथे स्टोव्हपुरतं एक लहानसं कपाट बसेल, नाही का?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी समुद्राकडे पाहिलं.